‘झोपू दे रे, सकाळी उतरेल!’

समजा, परीक्षा संपलीय. काष्टीच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यात पार्टी आहे. रात्रीचे साडेबारा. एकजण बाजेवर आडवा झालाय. हाक मारली तर ओ देत नाही. घशातून मात्र घरघर आवाज येतोय. कुणीतरी म्हणतं, ‘झोपू दे रे, सकाळी उतरेल.’ बाकीचे परत मोबाइलमध्ये.

तुम्ही तिथं असाल, तर काय कराल?

‘घेऊच नका’ असं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते बरोबरच सांगतात. पण बाजेवरच्या त्या पोराचं घेऊन झालंय. आता तो उद्या सकाळ बघणार का, एवढाच प्रश्न उरतो. जगभर याला ‘हार्म रिडक्शन’ म्हणतात. म्हणजे व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस मरू द्यायचा नाही.

अमेरिकेत यासाठी नॅलोक्सोन नावाचं औषध वापरतात. १९७१ साली त्याला तिथं मान्यता मिळाली. १९९६ पासून शिकागोतल्या कार्यकर्त्यांनी ते नशा करणाऱ्यांच्या मित्रांच्या हातात द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळायला लागला. अफू, हेरॉइन, ब्राउन शुगर, कोडीनचं कफ सिरप यांच्या ओव्हरडोसमध्ये मंदावलेला श्वास ते काही मिनिटांत परत आणू शकतं. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या हाताखालीच मिळतं.

पण खरं सांगायचं तर, श्रीगोंद्यातल्या त्या मळ्यात स्प्रे असता तरी बहुतेक वेळा उपयोग झाला नसता. दारूवर नॅलोक्सोन चालत नाही. झोपेच्या गोळ्यांवर नाही, एमडीवर नाही. जिममध्ये ‘स्टॅमिना वाढतो’ म्हणून कुणी टोचून घेतं त्या मेफेन्टरमिनवरही नाही. हे मेफेन्टरमिन खरं तर ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी वर आणायला वापरतात! चांगल्या हृदयाला ते टोचलं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

मग आपल्या हातात काय? दोन हात आणि एक फोन. ते कमी नाही.

आधी खांदा जोरात हलवून हाक मारा. मग मिनिटभर श्वास मोजा. आठपेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडलं, ओठ-नखं निळसर झाली, अंग गार-चिकट लागलं, झटके आले, तर यातलं एक लक्षणही पुरे. १०८ लावा. माणूस उठतच नसेल, तर बाकीच्या लक्षणांची वाटही बघू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. उताणा झोपलेला माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो. दारूने जाणारे कितीतरी जण असेच जातात. श्वास थांबलाच, तर उताणा करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. लिंबूपाणी, ताक, कॉफी काही पाजू नका. बोटं घालून उलटी काढू नका. बादलीभर गार पाणीही नको. आणि त्याला एकटं सोडून कुणी हलायचं नाही.

दारू देशी-विदेशी नसून ‘कुठून तरी आणलेली’ असेल, तर जास्त सावध राहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या पार्टीतल्या विषारी दारूने माणसं गेली. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर बळी गेले. मिथेनॉल लगेच दिसत नाही. कधी दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं, डोळ्यांपुढं धुरकट होतं, आणि माणूस ‘हँगओव्हर आहे’ म्हणून पडून राहतो. त्यावर दवाखान्यात उपचार आहेत, पण तास महत्त्वाचे असतात. रानात कुणाला पान लागलं तर आपण सकाळची वाट बघतो का?

आता खरी अडचण. फोन कुणी लावत नाही, कारण भीती वाटते. पोलिसांची, घरच्यांची, होस्टेलच्या रेक्टरची. ती खोटी नाही. दवाखान्यात एमएलसी होऊ शकते. पण १९८९ मध्येच सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-अ तर स्वतःहून उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षणही देतं. डॉक्टरांना काय घेतलं, किती, केव्हा, हे खरं सांगा. पाकीट, बाटली, गोळ्यांची पट्टी सोबत न्या. ‘काही नाही, जेवणातून झालं’ असं सांगितलंत, तर डॉक्टर भलत्याच रोगामागे धावतील.

नंतर मित्राला बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. ते सगळं उद्या.

आज रात्रीसाठी एकच आणखी. १०८ वाल्याला ‘मळ्यात आहे’ एवढं सांगून भागत नाही. गावाचं नाव, वस्तीचं नाव, जवळची शाळा, डीपी किंवा कॅनॉलचा पूल सांगा, लोकेशन पाठवा. आणि एकाला बाइक घेऊन फाट्यावर उभं करा, हेडलाइट चालू ठेवून. उसातल्या वाटा रात्री सगळ्या सारख्याच दिसतात.