मुसाफिर आणि मिसाफिर

रात्रीचे अडीच वाजले असतील. खालच्या चिंचोळ्या गल्लीतून कुणीतरी ढोल बडवत चाललं होतं. आमचा सात वर्षांचा धाकटा अंथरुणात उठून बसला आणि अर्धवट झोपेत म्हणाला, "मम्मी, गणपती आले का?" मग जरा कान देऊन, "पण लेझीम कुठंय?"

सोलापूरच्या पोराला दुसरं काय सुचणार! मीही क्षणभर गोंधळलेच होते. मग लक्षात आलं, हा सहरीसाठी उठवणारा माणूस. आपल्याकडे मोहल्ल्यात लोकांना हाका मारत फिरणारे असतात, तसा इस्तंबूलचा हा ढोलवाला. महिन्याच्या शेवटी तो दारोदार येऊन पैसे मागतो आणि त्याला तिथंही 'बहशिश' म्हणतात. आपलं बक्षीस ते हेच.

गोष्ट २०१५ ची. ह्यांना कंपनीनं तीन महिन्यांसाठी इस्तंबूलला पाठवलं होतं. कॉलेजची उन्हाळी सुट्टी आणि तिला जोडून बिनपगारी रजा घेऊन मीही दोन्ही मुलांसह गेले. सोबत माझ्या सासूबाई होत्या. त्यांना सारं घर अम्मीच म्हणतं. शहराच्या आशियाई बाजूला, बॉस्फरसच्या काठी उस्कुदार नावाचा भाग आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं.

पहिले काही दिवस प्रत्येक बारीकसारीक काम म्हणजे मोहीमच होती. तुर्की कुणालाच येत नव्हती. पण थोरल्या लेकीनं एक खेळ काढला. ओळखीचा शब्द कानावर पडला की तो फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. दुकानाला 'द्युक्कान', साबणाला 'साबुन', मैदानाला 'मेयदान', दुनियेला 'द्युन्या'. आठवड्यात कागद भरला. काही शब्द मात्र फसवे निघाले. तिकडे 'पारा' म्हणजे पैसे. त्यामुळे महिनाअखेरीस हे "पारा उतरला" म्हणाले की आम्ही समजून जायचो. दारासमोरून भाजीवाला गेला की वरच्या मजल्यावरची आजी दोरीला बांधलेली टोपली खिडकीतून खाली सोडायची, टोमॅटो घेऊन वर ओढायची. धाकट्याला तेवढंच बघत बसायला दिवस पुरायचा नाही.

तळमजल्यावर साठीच्या एक बाई एकट्याच राहायच्या. मुलं त्यांना तिथल्या रीतीनं 'तेयझे', म्हणजे मावशी म्हणू लागली. जूनच्या मध्यावर रमजान सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की तेयझे रोजे ठेवत नाहीत. भर दुपारी गॅलरीत बसून त्या निवांत चहा घ्यायच्या, सिगारेट ओढायच्या. मला ते खटकलं. वर्गात विद्यार्थ्यांना सहिष्णुता शिकवणारी मी, पण जिना उतरताना त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले.

त्या जूनमधला रोजा सोपा नव्हता. सहरी सव्वातीनच्या आसपास संपायची आणि मगरिबची अजान पावणेनऊच्या सुमारास. सतरा तासांहून जास्त! सोलापुरात त्याच दिवसांत साडेचौदा तासांचा रोजा होतो. इफ्तारच्या तासभर आधी बेकरीपुढे रांग लागायची. रमजानसाठी खास भाजलेली गोल 'पिदे', वर तीळ आणि कलौंजी. कागदात गुंडाळलेली ती गरम पोळी छातीशी धरून घरापर्यंत न तोडता आणणं, ही लेकीच्या रोज्याची खरी परीक्षा. सोबत मसुराचं सूप, आपल्या आमटीची सख्खी बहीण. आणि आपल्या खारट ताकासारखं आयरान. रात्री पलीकडच्या काठाला गेलो की मोठ्या मशिदींच्या मिनारांमध्ये दिव्यांनी लिहिलेली अक्षरं अंधारात लटकलेली दिसायची. त्याला 'माह्या' म्हणतात. उस्मानी काळात तेलाचे दिवे असायचे, आता विजेचे आहेत. दोन मिनारांच्या मध्ये दोर बांधायचा, म्हणून एकच मिनार असलेल्या मशिदीला हे भाग्य नाही.

काळजी होती ती अम्मींची. त्यांना जुना मधुमेह. सोलापूरच्या डॉक्टरांनी रोजे ठेवायचे नाहीत असं बजावूनच सोडलं होतं. पण पन्नास वर्षांत रोजा न सोडलेल्या बाईला कोण समजावणार? "आजारी माणसाला सूट आहे," असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मेरेकू क्या हुआ है?"

सातव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बाजारातून परतलो. इमारतीच्या दाराशी अम्मींनी भिंत धरली. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. साखर उतरली होती. मी पर्समध्ये गोळी शोधते आहे तोवर तळमजल्याचं दार उघडलं. तेयझेंनी एका हातानं सिगारेट विझवली, दुसऱ्या हातानं अम्मींना धरून खुर्चीत बसवलं आणि साखरेचे दोन खडे त्यांच्या ओठांशी नेले. अम्मींनी मान फिरवली. "रोजा, रोजा," त्या पुटपुटल्या.

तेयझेंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि काहीतरी बोलल्या. त्यातला एकच शब्द आम्हाला कळला : "मिसाफिर."

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. "मुसाफिर बोली ना?"

मी म्हटलं, "हां अम्मी."

त्यांनी तोंड उघडलं.

इथं वाचकांना थोडं सांगायला हवं. रोज्याचा हुकूम देणाऱ्या कुराणातल्या आयतींमध्येच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. पण आम्ही ज्या हनफी मताचे, त्यात एका जागी पंधरा दिवस किंवा अधिक राहायचा इरादा असेल तर माणूस मुसाफिर उरत नाही. आम्ही तर तीन महिन्यांसाठी आलो होतो. शिवाय तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा. तो शब्द फ्रिजवरच्या कागदावर होता. तेयझे म्हणत होत्या, तुम्ही आमच्या पाहुण्या. मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि मी गप्प राहिले. आजारी माणसाची सूट त्याच आयतीत होती, ती अम्मींनी कधी घेतली नसती.

त्या दिवसापासून अम्मींचे रोजे थांबले. पण नवाच पेच उभा राहिला. रमजानच्या दुपारी, रोजेदारांच्या घरात एकटीनं जेवायला त्यांना लाज वाटायची. ताट झाकून ठेवायच्या आणि औषधाची वेळ टळायची. दोन दिवसांनी एक वाजता दारावर टकटक झाली. तेयझे चहाची किटली, ब्रेड आणि ऑलिव्हची वाटी घेऊन उभ्या. मग महिनाभर रोज एकला त्या यायच्या किंवा अम्मी खाली जायच्या. एक दखनीत बोलायची, दुसरी तुर्कीत. काय बोलायच्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज जिन्यात यायचा. निघताना तेयझे माझ्याकडे वळून म्हणायच्या, "अल्ला काबुल एत्सिन." तुझा रोजा अल्लाह कबूल करो. मी त्यांच्या मनात डोकावून पाहिलं नव्हतं, तरी निकाल देऊन मोकळी झाले होते. ती लाज अजून आहे.

तिथली ईद १७ जुलैला, शुक्रवारी झाली. तुर्कस्तानात तारीख गणितानं आधीच ठरते. सोलापुरात त्या दिवशी एकोणतिसावा रोजा होता. फोनवर नणंद म्हणाली, "तुमची ईद एक दिवस आधी!" तिथं या सणाला 'शेकेर बायरामी', साखरेचा सण असंही म्हणतात. मुलांनी मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावायचा आणि मिठाई मिळवायची. आमच्या दोघांनी सगळी इमारत पालथी घातली. मी तिथल्या बारीक शेवयांचा शीरखुर्मा केला. पहिली वाटी तळमजल्यावर गेली.

परत आल्यावर अम्मींनी सुटलेल्या रोज्यांचा फिदिया दिला, म्हणजे दर रोज्यामागे एका गरजू माणसाचं जेवण. पुढच्या रमजानात मी राहवून न राहवून त्यांना खरं सांगितलं, की तेयझे मुसाफिर म्हणाल्याच नव्हत्या, पाहुणी म्हणाल्या होत्या.

अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेरेकू मालूम था. पंधरा दिन का मसला मेरे अब्बा ने सिखाया था." मग एक खडा बाजूला टाकून, "पन इत्ते प्यार से कोई मुंह में शक्कर देरा, तो उसके सामने मसला निकालना क्या?"

आता रमजानात दुपारी एकला अम्मी जेवायला बसतात. ताट झाकत नाहीत. सोबतीला शेजारच्या काकू येतात, स्वतःचा डबा घेऊन.