जुन्या जिप्सीचे पाटे कडक केले की गाडी वळणावर चिकटून चालते का?

नाही. हे मी धारूर घाटात शिकलो. रॅलीची हौस म्हणून आमच्या जुन्या जिप्सीच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवून गाडी दोन इंच उचलली होती. खडबडीत वळणावर मागचं चाक उड्या मारत बाहेर सरकलं. शेजारी वडील बसले होते.

कारण सोपं आहे. पकड टायरची असते, तीही टायर जमिनीला टेकलेला असेल तरच. १९८५ साली आलेल्या जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे आहेत. पाटे वजन पेलतात आणि ॲक्सल जागेवरही धरतात. फार कडक पाटा खड्ड्यात पुरेसा दबत नाही, मग चाक हवेत जातं. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त कलते. पाट्याची उसळी शमवणं हे शॉकअपचं काम. माझे तर थकलेले होते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टायर आणि त्यातली हवा, मग बुश, मग चांगले शॉकअप आणि शेवटी पाटे.

मी जादा पट्ट्या काढल्या, शॉकअप बदलले. आता त्याच वळणावर मागचं चाक जागा सोडत नाही. वडील मात्र अजून दांडा घट्ट धरूनच बसतात.