कुतूहल : तलवार घासू नका

दसऱ्याला मंगरूळपीरकडे एखाद्या जुन्या घरातली तलवार पूजेला निघते, तेव्हा आधी तिच्यावर पॉलिश पेपर फिरतो. गंज जातो आणि सोबत तलवारीची ओळखही.

ओळख मुठीपासून सुरू होते. आपल्याकडच्या तलवारीच्या मुठीवर चपटी चकती असते. अफगाण ‘पुलवार’ची टोपी खोलगट, आडव्या दांडीची टोके पात्याकडे वळलेली. पण नुसती मूठ फसवते, कारण पाती देशोदेशी फिरत. नागपूरकर रघुजी भोसल्यांची, २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने मिळवलेली तलवारच घ्या : मूठ मराठा, पाते युरोपीय!

मग पाते पाहायचे. वुट्झ या जुन्या भारतीय पोलादात कार्बन भरपूर. मुशीतला गोळा सावकाश निवताना आणि पुढे ठोकताना लोखंड-कार्बनच्या संयुगाचे कठीण कण ओळींनी जमतात. सौम्य आम्लाने भोवतालचे पोलाद काळवंडते, कण चमकत राहतात आणि पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते. घासले की सगळेच सारखे चकाकते, नक्षी बुजते. ती जाणकाराला पुन्हा आम्ल लावून उठवता येईल; सोन्याची तार ठोकून बसवलेले कोफ्तगिरी काम मात्र गेले ते गेलेच.

म्हणून भुरभुरणारा तांबडा गंज तेवढा हलक्या तेलाने, मऊ कापडाने टिपावा. काळा घट्ट थर राहू द्यावा. वरून मेणाचा पातळ हात दिला की दमट हवा पोलादापर्यंत पोहोचत नाही. आणि पूजेचे ओले कुंकू पात्यावर ठेवू नये. तांबडे ठिपके तिथूनच धरतात.