पांढरीवरचा मणी

पोरांनो, वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की जुन्या गावठाणाच्या पांढरीवर मान खाली घालून चालावं. उन्हाळाभर भुसभुशीत झालेली वरची माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि तिच्यापेक्षा जड असलेलं सगळं जागच्या जागी उघडं पडतं. खापराचा तुकडा, शंखाच्या बांगडीचं टोक, कधी हरभऱ्याएवढा तांबडा मणी. आज गोष्ट सांगतो ती अशा मण्याची, आणि असे मणी जन्मभर गोळा करणाऱ्या एका व्यापाऱ्याची.

मण्याचा जन्म आपल्या पायाखालच्या काळ्या खडकात झाला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची जमीन भेगाळली आणि लाव्हा बाहेर आला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा आला, थरावर थर चढले. जोतिबाचा डोंगर त्याच खडकाचा. लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. मग पाण्याचं काम सुरू झालं. खडकातून झिरपताना ते सिलिका विरघळवून आणी आणि पोकळीच्या भिंतीवर तिचा पातळ पापुद्रा सोडून जाई. पापुद्र्यावर पापुद्रा चढत पोकळी भरली, आणि तयार झाला अकीक. पोलादी सुरीनंसुद्धा त्यावर ओरखडा उठत नाही, इतका कठीण. म्हणूनच दोन हजार वर्षं मातीत पडूनही मणी मणीच राहतो.

त्याचा तांबडा रंग मात्र निम्मा निसर्गाचा, निम्मा माणसाचा. अकीकात लोहाचा अंश असतो, पिवळट, पाणी धरून बसलेला. कारागीर तो दगड आधी उन्हात ठेवत, मग मंद आचेवर भाजत. पाणी उडून गेलं की तेच लोह लाल होतं. रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांच्या हातांना हे ठाऊक होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता हा मणी घेऊन आपण तगरला जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखलं जातं. तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून साधं कापड, तलम मलमल हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई.

हे तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर विद्वानांत बरेच वाद झाले. १९०१ मध्ये जुन्या लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं आणि ते पटत गेलं. तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. संत गोरा कुंभारांचं गाव. आपला कोल्हापूरकरांचाही त्याच्याशी धागा आहे. इथले शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य पंचगंगेच्या काठी आणि अभिमान तेरणेच्या काठच्या गावाचा!

तेरच्या आसपास मातीची टेकाडं आहेत. पिकाची जमीन ती काळी आणि माणसं राहिलेली जमीन ती पांढरी, हे तुम्ही ऐकलं असेल. पांढरी पांढुरकी का? पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण, हाडं हे सगळं तिथे मुरलेलं असतं. काळीचा स्वभाव वेगळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, वरचे बारीक जिन्नस भेगांत पडतात आणि खालची माती वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणा ना. तिच्यात पडलेली वस्तू जागेवर राहीलच असं नाही. पांढरी त्या मानानं स्थिर असते, म्हणून तिच्यात काळ थरांनी साठतो. पण ती मातीही लोकांच्या उपयोगाची. मराठवाड्यात माळवदावर पसरायला पांढरी माती लागते, शेतातही टाकतात. टोपल्यांनी उपसलेल्या मातीबरोबर मणी, मृण्मूर्ती, नाणी कुणाच्या छतावर गेली, कुणाच्या वावरात गेली.

आणि इथे आपला माणूस येतो. रामलिंगप्पा लामतुरे, तेरचेच एक व्यापारी. पुरातत्त्व हा काही त्यांचा व्यवसाय नव्हता. पण गावाच्या मातीतून निघणाऱ्या वस्तूंचं मोल त्यांनी ओळखलं आणि त्या जमवल्या. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, साचे, पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ मूर्ती, एकूण वीस हजारांहून अधिक वस्तू. पुढे हा संग्रह शासनाकडे आला. आज तेरला राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावानं उभं आहे. व्यापाऱ्याची नजर खरा माल ओळखते, हे तर खरंच. पण ज्या मालाला त्यांच्या गावच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं तो ओळखायला नजर पुरत नाही, त्याला जीव लावावा लागतो.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या अवशेषांत, अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. दोघींच्या घडणीत इतकं साम्य की अभ्यासक त्यांची नावं जोडीनं घेतात. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. हस्तिदंत हा दातच. त्यातलं कॅल्शियम आम्ल मातीत हळूहळू विरघळून जातं. कोकणातल्या तांबड्या, मुसळधार पावसानं धुतलेल्या मातीत त्याचा टिकाव लागणं कठीण. राख आणि चुना मुरलेली पांढरी आम्लाला मारते. तिकडची मूर्ती डोंगराच्या राखेनं झाकली, इकडची चुलींच्या राखेनं सांभाळली.

तेरची आणखी एक नवलाई म्हणजे त्रिविक्रमाचं देऊळ. मुळात तो विटांचा चैत्य असावा, मागची बाजू अर्धगोल. त्याच्या विटा पाण्यावर तरंगतात! यात जादू काही नाही. चिखलात भाताचा तूस मिसळायचा. भट्टीत तूस जळून जातो आणि वीट आंबोळीसारखी आतून जाळीदार होते. छिद्रांत हवा भरलेली, म्हणून ती आपल्या आकाराच्या पाण्यापेक्षा हलकी. एवढं ओझं कमी झालं की कमान आणि छत उभारणं किती सोपं होत असेल, बघा.

लामतुऱ्यांबद्दल मनात इतका आदर असूनही एक गोष्ट सांगायलाच हवी. पावसानं उघडा पडलेला मणी आपण उचलतो तेव्हा तो कोणत्या थरातला, त्याच्याजवळ कोणतं खापर होतं, कोणतं नाणं होतं, हे हरवलेलं असतं. थर म्हणजे मातीनं लिहिलेली तारीख. तेरला पुढे शास्त्रशुद्ध उत्खननं झाली, तेव्हा कुठे संग्रहातल्या वस्तूंना शेजार मिळाला, काळ मिळाला. पण उत्खनन होईपर्यंत कुणी थांबलं असतं तर त्यातलं किती माळवदांवर गेलं असतं? त्यांनी केलं ते योग्यच केलं असं मी म्हणेन.

थरांचं महत्त्व बघायला तेरला जायलाही नको. आपली ब्रह्मपुरी आहेच, पंचगंगेकाठची टेकडी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे खणलं. वर बहामनी काळ आणि खाली सातवाहन काळातली विटांची घरं. त्याच्या थोडं आधी राजाराम कॉलेजचे कुंदणगार सर तिथे काम करत होते. ते मुळात कन्नडचे प्राध्यापक. ब्रह्मपुरीतून कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा निघाला आणि त्यात पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव! टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलात तर त्याच्यापुढे जरा वेळ थांबा.

कांस्यावर चढलेला हिरवा रंगही नीट बघा. तांब्याची घागर कळकते तेच हे, फक्त शेकडो वर्षांचं. ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तांब्याशी मिळून तो थर बनवतात, आणि घट्ट बसला की तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. म्हणून कधी शेतात, नदीकाठी जुनं नाणं हाती आलं तर ते चिंचेनं घासून लखलखीत करू नका. चिंचेतलं आम्ल तो थर खातं, त्याबरोबर अक्षरंही जातात. जिथे सापडलं ती जागा आधी लिहून ठेवा, किती खोल होतं, शेजारी काय होतं तेही लिहा. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तसा १८७८ सालापासूनचा कायदा आहे. आणि कळवायला जाताना ते कागदाच्या पुडीत, मातीसकट न्या.