उडी घेतल्यानंतर

देवळाली कॅम्पात लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या कानांना तोफेचा आवाज परका नसतो. लॅम रोडच्या बाजूला हवापालटासाठी उतरलेली मुंबईची मंडळी दुपारच्या झोपेतून दचकून उठतात, त्या वेळी येथला रहिवासी मानही न वळवता हातातले काम पुढे चालू ठेवतो, कारण स्कूल ऑफ आर्टिलरीचा आज सराव आहे, एवढा बोध त्याला पुरेसा असतो. ह्या शेजारामुळे एक गोष्ट येथील पोरासोरांनाही अनायासे ठाऊक होते : अंतर, कोन, दारूचे प्रमाण आणि वारा ह्यांची सारी तजवीज गोळा सुटण्यापूर्वी करावयाची असते, नळीबाहेर पडलेल्या साध्या गोळ्याला मागाहून कोणाचाही हुकूम पोहोचत नाही.

तोकुरो फुजिवारा ह्यांनी रचलेला आणि कॅपकॉम ह्या जपानी कंपनीने १९८५ साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी बाजारात आणलेला ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा व्हिडिओ गेम म्हणूनच मला आमच्या तोफखान्याचा दूरचा आप्त वाटत आला आहे. कथानक चिमूटभर आहे. आर्थर नावाचा सरदार स्मशानात राजकन्येसह बसलेला असताना सैतान तिला उचलून नेतो, आणि हा गृहस्थ घाईघाईने चिलखत चढवून तिच्या शोधार्थ निघतो. पहिल्या आघाताला चिलखत गळून पडते व सरदारसाहेब नुसत्या चड्डीवर येतात. दुसऱ्या आघाताला हाडांचा सांगाडा उरतो. नायकाची इतकी राजरोस बेअब्रू करण्याचे धाडस फार थोड्या खेळांनी केले असेल.

परंतु ह्या खेळाचा खरा जाच दोन आघातांच्या हिशेबात नसून उडीत आहे. त्याच वर्षी निन्टेंडोने आणलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ हवेत असतानाही त्याला मागेपुढे वळवता येते, आणि त्यामुळे चुकीच्या अंदाजाची दुरुस्ती अर्ध्या वाटेवर होऊ शकते; उलट आर्थरचे पाय जमिनीवरून सुटले की त्याच्या उडीची दिशा, उंची आणि लांबी कायम होते, आणि पुढ्यात उगवलेले भूत डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना, आपणच क्षणापूर्वी दिलेल्या हुकमाची अंमलबजावणी पाहत बसण्याखेरीज खेळणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. मरण येते ते दिवसाढवळ्या, कारणासकट. माझ्या मते ह्या खेळाची मोहिनी येथेच आहे : फिर्याद करावयाची तर ती स्वतःविरुद्धच करावी लागते, आणि अशी फिर्याद माणूस सहसा अर्धी टाकून उठत नाही.

ह्याचा अर्थ खेळ सर्वस्वी न्यायी आहे, असा मात्र नाही. प्रेते जमिनीतून कोठे वर येतील, ह्याचा भरवसा नसतो. शस्त्र म्हणून घाईत उचललेली मशाल फेकली की जवळच कोसळून जळत राहते, आणि तिच्यापायी हातचा चांगला सुरा मात्र गमावलेला असतो. आणि तो लाल पंखवाला राक्षस, रेड अरीमर! तो शांतपणे बसून असतो, आपण शस्त्र फेकले की चुकवतो आणि आपण चळलो की झेपावतो. कॅपकॉमने पुढे १९९० साली त्यालाच नायक करून गेम बॉय ह्या यंत्रासाठी स्वतंत्र खेळ काढला, ही बढती मला गैरवाजवी वाटत नाही. एवढे सोसून शेवट गाठावा, तर पडद्यावर खुलासा येतो की हे सारे सैतानाचे मायाजाल होते. मग सर्व मुलूख पुन्हा, आणि अधिक कडक बंदोबस्तात, पार करावयाचा.

आक्षेपक म्हणतील की ही क्रूरता यंत्रमालकाच्या गल्ल्यासाठी होती. होतीच. परंतु १९८६ साली हा खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉम ह्या घरगुती यंत्रावर आला, तेव्हा नाणे गेले, हरल्यावर पुन्हा सुरू करण्याची अमर्याद मुभा मिळाली, आणि तरीही लोक त्याच भुतावळीत मरत राहिले. केवळ गल्ला हेच कारण असते, तर गल्ल्याबरोबर आकर्षणही संपावयास हवे होते. नव्वदीच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला ‘मीडिया’ वगैरे नावांनी आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. कव्हरावर शेकडो खेळांचा दावा आणि आत तेच ते मोजके खेळ फिरवून भरलेले, अशा कॅसेटी फुंकर मारून बसवीत आमच्या पिढीने ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ पाठ केले. ‘कॉन्ट्रा’ही निर्दय होता, पण त्यात वर-वर-खाली-खाली अशी सुरू होणारी सुप्रसिद्ध बटणांची माळ बिनचूक दाबल्यास तीस लाइफ मिळत. आर्थरच्या दरबारात अशी खैरात नव्हती.

पुढील भागांत सवलती आल्या. १९९१ सालच्या ‘सुपर घूल्स अँड घोस्ट्स’मध्ये फुजिवारांनी हवेतच दुसरी उडी घेण्याची परवानगी दिली, म्हणजे पहिल्या हुकमावर एकदा फेरविचार करता येऊ लागला. २०२१ साली त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स रिझरेक्शन’मध्ये काठिण्याच्या चार पायऱ्या ठेवल्या असून सर्वांत खालच्या पायरीवर मेलेला आर्थर जागच्या जागी जिवंत होतो. हवेतली ती दुसरी उडी मात्र त्यांनी परत काढून घेतली.