दुधाचे दात पडणारच आहेत ना?

मागच्या भागात फोनच्या बॅटरीवर बोललो, आज दातांवर. कारण माझा भाचा. वय अडीच वर्षं, वरचे पुढचे चारही दात तपकिरी, एक तर हिरडीपाशी तुटलेला.

ताई बाळंतपणाला आमच्याकडेच होती, नंतरही महिनोन् महिने राहिली. रात्री पिल्लू रडलं की साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायचं काम माझं. बाटली तोंडात धरून तो झोपला की मी परत कॉलवर. म्हणजे या बगमध्ये माझाही कोड आहे.

झालं काय, झोपेत लाळ कमी सुटते, आणि दात धुण्याचं काम तर लाळच करते. दूध वरच्या दातांभोवती साचतं, जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात, ते दाताला पोखरतं. दुधाच्या दातांचं एनॅमल मुळातच पातळ. खालचे पुढचे दात जिभेआड असतात, म्हणून बऱ्याचदा वाचतात. भाच्याचेही वाचले.

आणि हे जंतू येतात कुठून? बरेचदा घरातल्यांच्याच लाळेतून, जास्त करून आईच्या. आपण चाखलेला चमचा बाळाच्या तोंडात, खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून 'साफ'! ताईची दाढ गरोदरपणातच किडली होती. "बाळंतपण होऊ दे, मग बघू," असं आम्ही सगळेच म्हणालो. खरं तर दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात, चौथा ते सहावा महिना सोयीचा. फक्त डेंटिस्टला आधी सांगायचं. (उलटी झाली तर लगेच ब्रश नको, आधी चूळ भरायची.)

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. त्याच दिवसापासून ब्रश, दोनदा, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर फक्त पाणी. पहिल्या वाढदिवसापर्यंत डेंटिस्टची एक भेट. चोखणीला मध लावू नका. वर्षाच्या आत तर मध मुळीच नाही. आणि अधूनमधून वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग ही कीड लागण्याची सुरुवात, तेव्हा फ्लोराइडने ती थांबवता येते. आम्ही बघितलंच नाही.

"पडणारच आहेत ना ते दात?" आई म्हणाली. पुढचे पडतील सहा-सात वर्षांचा झाल्यावर. मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या आहेत; पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात.

आता बाटली बंद आहे. तीन रात्री घर डोक्यावर घेतलं त्याने. माझीही एक दाढ ठणकतेय, शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तोवर त्याच्या चमच्याने खीर चाखणं बंद.