तांबड्या शाईची चूक

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हातात तांबड्या शाईचे पेन आले की त्याच्या अंगात थोडासा कोतवाल संचारतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे. चोर कुठे सापडतो म्हणून तो टपून बसलेला असतो. या कोतवालीत माझ्या हातून एकदा एक अपराध घडला. तो वाचकांपुढे कबूल करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२००९ सालची गोष्ट. नोकरी नवी, उत्साह दांडगा. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘न विसरता येणारा प्रसंग’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका विद्यार्थ्याने गावच्या जत्रेवर लिहिले होते. हजेरीपटावर नाव मुलाचे. निबंधात मात्र ‘मी घाटावर एकटीच बसले होते’, ‘मी घाबरले’, ‘मी धावत घरी आले’. पाच ठिकाणी मी रेघा ओढल्या आणि समासात शेरा मारला, ‘लिंगदोष. निदान स्वतःचे लिंग तरी नीट लिहावे!’ एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण मला विनोद सुचला होता, आणि सुचलेला विनोद गिळणे मास्तरांना जमत नाही. ती वाक्ये मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग खो खो हसला. एक मान तेवढी खाली गेली.

पुढच्या निबंधांत तो दोष पुन्हा सापडला नाही. भाषा मात्र अवघडल्यासारखी झाली होती. ‘मी आलो’ नाही आणि ‘मी आले’ही नाही, ‘माझे येणे झाले’. ‘मी बसलो’च्या जागी ‘मला तेथे बसावे लागले’. मी पुन्हा शेरा दिला, ‘वाक्यरचना कृत्रिम’. वर्ष संपायच्या आत ते नाव हजेरीपटावरून गळले. मुले गळतातच, मी विसरून गेलो.

आठवण झाली ती एका पुस्तकामुळे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन २०१२ साली मराठीत आले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. माझ्या हाती ते तीन वर्षांनी पडले. ठाण्यातल्या एका घरात मुलगा म्हणून वाढलेले हे मूल स्वतःबद्दल बोलू लागते, तेव्हा प्रत्येक वाक्यात त्याला कोणते क्रियापद निवडावे लागले असेल, हा विचार मनात आला. आणि एकदम ती पाच तांबडी रेघोटी डोळ्यांपुढे उभी राहिली.

आपल्या भाषेची एक गंमत आहे, आणि काहींच्या वाट्याला ती गंमत जाच होऊन येते. तमिळ किंवा बंगाली माणूस ‘मी आलो’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या क्रियापदावरून तो पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत तशी सोय नाही. ‘जातो’ की ‘जाते’, ‘दमलो’ की ‘दमले’? तोंड उघडले की जबानी द्यावी लागते. बरे, कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा आम्ही पंडित त्याला बोलीचा गोडवा म्हणतो. तिथे कुणी तांबडे पेन काढत नाही!

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे २०१९ साली कायदाही झाला. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसे मोजली गेली होती. आकडे आणि निकाल हवेतच. पण माझ्यासारख्या माणसाचे डोळे आकड्याने उघडत नाहीत. ते एका माणसाची कहाणी ऐकल्यावर उघडतात.

ती कहाणी २०२२ साली स्वतःच माझ्याकडे चालत आली. दुपारची वेळ. शिक्षकांच्या खोलीच्या दारात निळ्या साडीतली एक बाई उभी. “सर, ओळखलंत का?” आवाजावरून ओळखले. नाव आता वेगळे होते, ते मी येथे सांगत नाही. ती एका संस्थेत आरोग्यसेविकेचे काम करीत होती. मी त्या वहीचा विषय काढला आणि क्षमा मागितली. वाटले, ती म्हणेल, ‘जाऊ द्या, सर.’ तसे ती म्हणाली नाही.

“फार लागलं होतं, सर. त्यानंतर किती वर्षं मी स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. मग एकदा आमच्यातल्या एकीनं आपली हकीगत सांगितली. ऐकता ऐकता वाटलं, ही तर माझीच. त्या रात्री मी वही घेतली आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी आले.’”

मी तिला वर्गात बोलायला बोलावले. पंचेचाळीस मिनिटे ती बोलली. भीक मागितली तेही सांगितले, परीक्षा पुन्हा दिली तेही. कुणी हसले नाही. शेवटी एका मुलीने भीत भीत विचारले, “घरचे बोलतात का?”

“आई बोलते. फोनवर. इतकी वर्षं ‘जेवलास का?’ विचारायची. मीही कधी दुरुस्त केलं नाही. तिला माझं सगळं सांगितलं ते गेल्या वर्षी, एका बैठकीत, रडत रडत. ती काहीच बोलली नाही. परवा फोन आला...” ती थांबली. पदराने तिने डोळे टिपले.

“म्हणाली, ‘जेवलीस का?’”

त्या माउलीला व्याकरण कुणी शिकवले नव्हते. लेकीने आपली गोष्ट सांगितली, एवढेच. मी मात्र एम. ए. होऊन ते वर्गातल्या मागच्या बाकावर बसून शिकलो. अजूनही वह्या तपासतो, ऱ्हस्व-दीर्घाला सोडत नाही. पण ‘मी’ पुढच्या क्रियापदावर आता तांबडी शाई लावीत नाही. ते ज्याचे त्याला ठाऊक.